दाढीवालं फूल

"बोला प्रोफेसर, काय हाय ह्ये?"

सुभेदार हैबतराव फडतरे कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभे होते. त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला, न्हाणीचं पाणी जिथं मुरायचं तिथं, लांबट टोकदार पानांचं एक दाट बेट वाढलं होतं. त्यातलं एक पान त्यांच्या मुलीनं, शालननं, तोडून माझ्या हातात दिलं होतं. आत सोप्यात पोह्यांच्या बश्या निवत होत्या. मला ही मुलगी दाखवायला घेऊन आलेले माझे बाजीमामा मागून डोळ्यांनी खुणावत होते, की उगाच शहाणपणा पाजळू नकोस, छान आहे म्हण आणि आत चल.

पण मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, साताऱ्याच्या कॉलेजात नुकताच वनस्पतिशास्त्राचा अधिव्याख्याता झालो होतो, आणि मला कुणी झाडाचं नाव विचारलं की गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी पान चुरगाळलं, नाकाशी धरलं. वास चांगलाच ओळखीचा होता. वर्गात काढतो तसला आवाज काढून मी म्हणालो, "वेखंड आहे. ओलसर जागी येतं. मुळी औषधी असते, तान्ह्या मुलांना उगाळून लावतात."

लगेच कुसवाच्या भिंतीपलीकडून हसण्याचा फवारा उडाला. तिथं लिंबाखाली धोंडीबा न्हावी कुणाची तरी हजामत करत बसला होता, आणि त्याच्याभोवती नेहमीची चार रिकामी माणसं होती. धोंडीबा म्हणाला, "सुभेदार, अकरा वर्सं वस्तरा लावून ठिवलाय मी. आता शिकल्यालं मानूसच वेखंड म्हनतंय म्हनल्यावर काय करायचं?"

सुभेदारांचा चेहरा बघता बघता उतरला. ते एवढंच म्हणाले, "पव्हं खाऊन जावा," आणि आत निघून गेले. पोहे आम्ही खाल्ले. कसे लागले ते मला आठवत नाही.

एस.टी.त बसल्यावर मामांनी माझी जी खरडपट्टी काढली, तिच्यातून मला सगळी हकिकत कळली. आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, पण मामांच्या मते ते म्हाताऱ्याचं खूळ होतं आणि खुळाची वर्दी आधी द्यायची नसते. सुभेदार पलटणीतून काश्मीरात होते. तिथल्या एका हिवाळ्यात बर्फानं रोट्यांची भट्टी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं घर गाडलं गेलं, ते यांच्या तुकडीनं फावड्यांनी उपसून काढलं. बदलीचा हुकूम आला तेव्हा त्या म्हाताऱ्यानं, रसूल चाचांनी, सुभेदारांच्या हातात फडक्यात बांधलेले तीन गड्डे ठेवले. तुमच्या गावात लावा, फुललं की मला पत्र टाका, असं म्हणाले. सुभेदारांनी शब्द दिला आणि गावी येऊन सगळ्यांना सांगितलं, की हे फूल जांभळं असतं, त्याला पिवळी दाढी असते, आणि तिकडं ते घरांच्या डोक्यावर फुलतं.

फुलाला दाढी, आणि तीही घरावर. गावाला तेवढंच पुरलं. धोंडीबानं त्याच दिवशी जाहीर केलं, की फूल आलं की त्याची दाढी मी फुकट करीन. अकरा वर्षं झाली, फूल काही आलं नाही. "सुभेदाराची बात" हा गावात वाक्प्रचार झाला. कुणी फार लांबची थाप मारली की म्हणायचे, ही सुभेदाराची बात.

"तुझ्या आधी दोन स्थळं येऊन गेली," मामा म्हणाले. "दोघंबी फुलाचं ऐकून हसली. म्हाताऱ्यानं दोघांस्नी वाटेला लावलं. तू हसला न्हाईस, पर तू त्याच्याहून वंगाळ केलंस. तू नाव सांगितलंस."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते सुभेदारांपेक्षा शालनसाठी जास्त वाटलं. त्या काळी पाहायला आलेल्या मुलाकडं मुली मान वर करून बघत नसत. ही पान देताना माझ्याकडं सरळ बघत होती. परीक्षेत पर्यवेक्षक बघतो तसं. मला ती आवडली होती, आणि स्थळ माझ्या नाकानं घालवलं होतं.

आता, मला एक सवय आहे. कुठंही गेलो तरी एखादं पान खिशातल्या वहीत दाबून आणतो. सुभेदारांच्या घरून निघताना, थोड्या रागानंच, मी त्या बेटातलं एक पान ओरबाडून वहीत घातलं होतं. सोमवारी कॉलेजात वही उघडली, तर त्यात ते पान सपाट, करडट हिरवं, मेण फासल्यासारखं. वेखंडाच्या पानाला एका बाजूला सरकलेली जाड शीर असते, ती याला नव्हती. चुरगाळलं तर वास गवताचा. त्या बेटात दोन झाडं होती. एक खरंच वेखंड होतं आणि दुसरं मला माहीत नव्हतं.

ग्रंथालयात एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात ते सापडलं. आयरिस. चित्रात तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबलेल्या, आणि लोंबणाऱ्या प्रत्येक पाकळीवर मधोमध केसांची पट्टी. खाली स्पष्ट लिहिलं होतं, की या जातीला दाढी असते. मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मोडलेलं स्थळ, लांबचं गाव, परत कधी जायचं कारण नाही. दोन दिवस मी तसा विचारही केला. पण आपण एका खऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं, ही गोष्ट डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी मामांना न सांगता मी एकटाच एस.टी.त बसलो.

सुभेदार ओट्यावर बसले होते. खटावच्या त्या कोरड्या अंगाला दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाण्याचा तांब्या देतात. मला दिला नाही. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "सुभेदारसाहेब, मी चुकलो. ते वेखंड नाही. त्याला दाढी असते, पुस्तकात चित्र आहे." पुस्तक मी ग्रंथपालाच्या हातापाया पडून बरोबर आणलं होतं.

त्यांनी चित्र पाहिलं. चष्मा मागवून परत पाहिलं. बोटानं ती दाढी चाचपली, जणू कागदावर हाताला लागणार होती. मग पुस्तक मिटून माझ्या हातात देत म्हणाले, "ह्ये मला कशाला सांगताय? मला ठावं हाय. ज्यांच्याम्होरं वेखंड म्हनलासा, त्यांच्याम्होरं सांगा."

मग मी मारुतीच्या पारावर उभा राहून, पुस्तक उघडं धरून, माझी चूक वाचून दाखवली. आयुष्यात इतकं अवघड लेक्चर मी परत कधी दिलं नाही. धोंडीबानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मंग फुलत का न्हाई?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पण मी म्हणालो, "फुलेल."

"कवा?"

"होळीपर्यंत." हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला आजही सांगता येणार नाही.

"न्हाई फुललं तर?" धोंडीबानं माझ्या केसांकडं पाहिलं. तेव्हा मला दाट केस होते आणि मी त्यांची फार निगा राखत असे. "वस्तरा कुटं तरी चालवाया पायजे, प्रोफेसर." सगळा पार हसला. सुभेदार मात्र हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "फुललं तर ह्यो माझा जावई. न्हाई फुललं तर ह्यानं परत ह्या गावची एस.टी. धरायची न्हाई. आन मीबी परत फुलाचं नाव काढनार न्हाई." ते शेवटचं वाक्य त्यांना जड गेलं, हे सगळ्यांना दिसलं.

सुभेदारांच्या घरी परतल्यावर तांब्या मिळाला. शालननंच आणून दिला.

आता फूल फुलवायचं कसं, हा प्रश्न होता. मी बेटाशी उकिडवा बसलो आणि विचारपूस सुरू केली. खत काय घालता, किडे लागतात का, पाणी किती. पाण्याचं विचारल्यावर सुभेदारांची छाती फुगली. गावात विहीर एक, उन्हाळ्यात तिलाही तळ दिसायचा. अशा गावात त्यांनी या फुलासाठी सगळ्यांत ओली जागा निवडली होती, न्हाणीच्या पाण्याची. शिवाय रोज संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याची एक घागर वेगळी. घरात भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसली जायची, पण फुलाची घागर चुकायची नाही. दहा वर्षांची होती तेव्हापासून ती घागर शालन वाहत होती. "मेहमान हाय त्यो," सुभेदार म्हणाले. "चाचांचा मेहमान. त्याला तहानंला ठिवायचा व्हय?"

शालन त्याच वेळी डोक्यावर घागर घेऊन दारातून आत आली. घागर उतरवून तिनं कपाळाचा घाम पुसला आणि बापाला विचारलं, "आबा, तिकडं ते घरांच्या माळवदावर असतंय म्हनता न्हवं?"

"व्हय. मातीची माळवदं आपल्यावानीच. वर सगळं जांभळं व्हायचं."

"मंग तिकडं माळवदावर पानी कोन न्यायचं?"

"बर्फ पडायचं," सुभेदार म्हणाले.

"बर्फ सरल्यावर?"

अकरा वर्षं त्यांनी ही गोष्ट शंभर वेळा सांगितली होती, आणि घरावर फूल म्हटलं की पुढं कुणी ऐकलंच नव्हतं, सगळे हसत सुटले होते. पुढचा प्रश्न विचारणारं माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटत होतं. "कोन न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "कोन सुदिक वर चढायचं न्हाई."

मी टिकाव मागितला. बेट उकरलं तर वेखंड सुखात होतं. सुभेदारांच्या बायकोनं नातवंडांच्या ओढीनं कधीतरी ते तिथं लावलं होतं आणि ते पाण्यात गबर झालं होतं. मेहमानाचे गड्डे मात्र सडून लिबलिबीत झाले होते, वास येत होता. सगळं साफ करता करता घट्ट असे पाच तुकडे हाती लागले. सुभेदार मांडी घालून चिखलात बसले होते. त्यांनी ते पाच तुकडे ओंजळीत घेतले आणि म्हणाले, "म्हंजी मीच मारत हुतो व्हय ह्येला." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी शालनकडं बघितलं आणि ती माझ्याकडं.

पाचही तुकडे सडका भाग कापून चार दिवस कडक उन्हात वाळवले. सुभेदारांना ते बघवेना, ते चार दिवस दुसऱ्या ओट्यावर बसले. मग माळवदाच्या कडेला, जुनं शेणखत आणि मुरूम कालवून, हातभर रुंदीचा वाफा केला आणि गड्डे लावले. पुरायचे नाहीत, पाठ उघडी ठेवायची, आंघोळीला उकिडवं बसलेल्या माणसासारखी, असं मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं. ते पुस्तकातल्या एका अर्ध्या ओळीवरून होतं.

त्यानंतर मी दर रविवारी पाहणीला जाऊ लागलो. कॉलेजातले सहकारी विचारत, एवढं काय बघायचं असतं रे त्यात. बघायला पुष्कळ होतं. पावसाळा बेताचाच झाला, नवी पानं पंख्यासारखी फुटली, आणि माळवदावर बसून शालनशी बोलायला कुणाची हरकत नव्हती, कारण विषय शास्त्रीय होता. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. मी दर आठवड्याला एक पुस्तक नेत असे आणि ती पुढच्या आठवड्याला ते वाचून, लेखकाच्या चुका काढून परत देत असे.

दिवाळीनंतर एका रविवारी एका गड्ड्याची पानं पिवळी पडलेली दिसली. बुडाशी हात लावला तर माती ओली. पाऊस संपून महिना झाला होता. शालननं लगेच शिडी तपासली. तिच्या पायरीवर चिखलाच्या पावलाचा ठसा होता, आणि घरात तसलं मोठं पाऊल एकाच माणसाचं होतं. सुभेदार पहाटे तांब्या घेऊन वर जात होते. त्यांना जाब विचारला तेव्हा ते सगळी पलटण समोर असल्यासारखे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "घोटभरच दिलं." शालननं शिडी उचलून शेजारच्या वाड्यात टाकली. पुढं होळीपर्यंत सुभेदारांना स्वतःच्या माळवदावर जायला मुलीची परवानगी लागत होती. तो गड्डा गेला. चार उरले.

पौषात त्या वर्षी कडाक्याची थंडी पडली. लोक शेकोट्यांना धोंडीबाच्या वस्तऱ्याच्या गोष्टी करत होते. माघ संपत आला तरी पानांखेरीज काही नव्हतं. मी आरशात केस विंचरताना त्यांचा निरोप घेऊ लागलो. पण केस परत उगवतात. शालनला सोडून ती एस.टी. कायमची बंद करायची, या विचारानं माझं वर्गात लक्ष लागेना, आणि मी एकदा शेवाळाच्या तासाला नेचे शिकवले.

होळीला सहा दिवस उरले असताना कॉलेजच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती. "मधल्या पंख्यातून दांडा आला आहे, टोकाला जांभळं दिसतं, आबांना सांगितलेलं नाही. शालन."

मी रजा टाकली. मामांनाही बरोबर घेतलं, या खेपेला सांगून. पौर्णिमेच्या सकाळी शिडी लागली आणि सुभेदारांना वर बोलावलं. ते वर आले, दोन पावलं चालले आणि थांबले. दांड्यावर एक फूल पुरतं उमललं होतं. तीन पाकळ्या वर, तीन खाली, जांभळा रंग उन्हात नुसता पेटलेला, आणि खालच्या पाकळ्यांवर पिवळीधमक दाढी.

गावाला कसं कळलं देव जाणे. तासाभरात शिडीखाली रांग लागली. माळवद खचेल म्हणून शालन चौघाचौघांनाच वर सोडत होती. धोंडीबा आपली धोकटी काखेत मारून आला. वर आला, वाकला, डोळे बारीक करून पाहिलं, मग हलक्या बोटानं दाढीला स्पर्श केला. त्यानं आयुष्यभर माणसांच्या दाढ्या केल्या होत्या, त्याला खरं खोटं कळत होतं. त्यानं डोक्याचा पटका काढला आणि म्हणाला, "सुभेदार, दाढी खरी हाय. ही कराया माजा हात धजायचा न्हाई."

सुभेदार एरवी किती बोलायचे. त्या दिवशी सगळे येऊन गेले तरी ते फुलाशेजारी मांडी घालून गप्प बसले होते, आणि त्यांचं तोंड मात्र लहान मुलासारखं हसत होतं. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता आशीर्वाद. ते म्हणाले, "प्रोफेसर, कागद काढा. चाचांस्नी पत्र लिवायचं हाय. आदी त्ये, मंग तुमच्या लग्नाची याद."

पत्र मी लिहिलं, हिंदीत, माझ्या परीनं. फूल कोमेजल्यावर त्याची एक पाकळी वाळवून आत ठेवली. वैशाखात आमचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात चाचांचं उत्तर आलं. उर्दू होतं, गावच्या शाळेतल्या मुलाणी गुरुजींनी पारावर सगळ्यांसमोर वाचलं. चाचांनी दुवा दिल्या होत्या, आपण हयात आहोत आणि रोज भट्टी पेटवतो असं लिहिलं होतं, आणि शेवटी एक ओळ होती, की पाणी घालू नका हे सांगायचं तेव्हा राहून गेलं होतं, पण शहाण्या माणसाला ते काय सांगायचं. सुभेदारांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि दोन्ही वेळा मोठमोठ्यानं हसले.

या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली. ते चार गड्डे फुटून फुटून आमच्या साताऱ्याच्या गच्चीवर त्यांचे अठ्ठावीस डबे झाले आहेत. गेल्या महिन्यात एक माजी विद्यार्थी गड्डा मागायला आला होता, आणि मी त्याला नेहमीप्रमाणे ही सगळी हकिकत, वासापासून, रंगवून सांगितली. तो गेल्यावर शालन डबे पुसता पुसता म्हणाली, "ते पान तुम्हाला मी दिलं होतं."

"हो ना. बेटातलं नेमकं वेखंडाचंच तुझ्या हाताला लागलं."

"अकरा वर्षं मी त्याला पाणी घातलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही पानं मला डोळे मिटून ओळखू येत होती."

पन्नास वर्षांत हे मला पहिल्यांदा कळत होतं. ती डबे पुसतच होती. म्हणाली, "आधीचे दोघं आबांवर हसून गेले होते. तुम्ही शहाणे म्हणून आला होता. शहाणा माणूस चुकल्यावर काय करतो, ते मला बघायचं होतं. शेजारी हसतील असं मात्र वाटलं नव्हतं. त्या दिवशी आबा जेवले नाहीत, मीही जेवले नाही. सगळा आठवडा एस.टी.कडं कान लावून होते."

"आणि मी परत आलोच नसतो तर?"

"तर मी अजून घागरी वाहत असते," ती म्हणाली, आणि डब्यांना पाणी घालायला मी उचललेली झारी तिनं माझ्या हातातून काढून घेतली.